ठाकोरभाईंचं रक्त

उत्तरायणाच्या सकाळी दमुबेननी जाहीर केलं की यंदा त्या नवऱ्याच्या पतंगाची फिरकी धरणार नाहीत.

कुणाकडे बघून त्या हे बोलल्या नाहीत. समोर होता तो उंधियूसाठी चिरलेला सुरण, तेव्हा त्यालाच सांगितलं म्हणायचं. पण स्वयंपाकघराला लागूनच जिना होता आणि जिन्यात ठाकोरभाई जरीवाला उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर नातीची, झीलची, गुलाबी टोपी, काखेत उशी. त्यांना ऐकू गेलं आणि ऐकू जावं म्हणूनच ते म्हटलेलं होतं.

"नको धरूस," ते म्हणाले. "मी तरी कुठे उडवणार आहे? मी खुर्चीत बसणार. वकिलाने जामीन तेवढ्यापुरताच मिळवलाय."

वकील म्हणजे बिनल, एकुलती एक सून. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जो खटला चालला त्यात एका बाजूला दमुबेन आणि त्यांचा मुलगा हितेन, दुसऱ्या बाजूला ठाकोरभाई आणि नात झील. मायलेकांचं म्हणणं, गच्चीवर पाऊलच ठेवायचं नाही. आजोबा-नातीचं म्हणणं, मग सुरतेत राहता कशाला, काशीला जाऊन बसा. शेवटी बिनलने तोड काढली: पप्पांनी वर जायचं, खुर्चीत बसायचं, हुकूम सोडायचे, पण मांज्याला बोट लावायचं नाही. ठाकोरभाई इतक्या पटकन कबूल झाले की दमुबेनना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण वालपापडी निवडायची राहिली होती आणि शंका घ्यायला सवड नव्हती.

नवरात्रात गरब्याच्या मांडवात खुर्चीवर बसल्या बसल्या ठाकोरभाईंची छाती आवळली गेली होती. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. घरी सोडताना डॉक्टर अमी मुन्शींनी दोन गोष्टी बजावल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि त्या गोळ्यांमुळे कापलं-खरचटलं तर रक्त लवकर थांबणार नाही, तेव्हा यंदा पतंग नाही. पहिली गोष्ट ठाकोरभाईंनी मान हलवून ऐकली. दुसरी ऐकून ते डॉक्टरीणबाईंकडे असे बघत राहिले की जणू त्यांनी जानेवारी महिनाच रद्द केला होता.

"बा, पुरीचं पीठ मळू का?" बिनल आत आली.

"मळ. आणि वर लक्ष ठेव. हितेन गाणी लावण्यात गुंगतो आणि तुझी मुलगी आजोबांच्या पक्षात आहे." दमुबेननी झारा पातेल्यावर आपटला. "सकाळपासून एक शिवी नाही हो त्यांच्या तोंडात. मला ते लक्षण बरं दिसत नाही."

*

गच्चीवर दहाच्या आत आभाळ पतंगांनी भरून गेलं. बिनल जलेबीचं ताट घेऊन वर आली तेव्हा गल्लीच्या पलीकडच्या गच्चीवरून जेकिसनकाकांचा आवाज भोंग्यातून साऱ्या महिधरपुऱ्याला ऐकू जात होता.

"मोटाभाई! खुर्ची मऊ आहे ना? की गादी पाठवू? सोबत दुधाची बाटली?"

जेकिसन हा ठाकोरभाईंचा धाकटा भाऊ. जरीच्या यंत्रांची वाटणी झाली तेव्हा दोघांत जे फाटलं ते दोन वर्षं फाटलेलंच राहिलं होतं. नवरात्रात आयसीयूच्या काचेबाहेर जेकिसन रडताना सापडला आणि तिथून बोलणं सुरू झालं. मात्र अबोल्याच्या त्या दोन वर्षांतही उत्तरायणाला पेच लागलेच होते. एकमेकांचं तोंड न बघता दोघांनी एकमेकांचे पतंग कापले होते.

ठाकोरभाईंनी खुर्चीतून एक सणसणीत सुरती शिवी पलीकडे पाठवली. तिचा मराठीत तर्जुमा करायला माझी लेखणी धजत नाही. बिनलला बरं वाटलं. खाली जाऊन बांना सांगायला हवं, शिवी निघाली म्हणून.

"दादा, परत कापला!" झील आजोबांकडे वळून रडकुंडीला आली. तिच्या हातात नुसता दोरा लोंबत होता आणि तिचा हिरवा पतंग छपरांवरून वाहत चालला होता. पलीकडे थाळ्या वाजल्या. "ए काप्यो! लपेट, लपेट!"

"अगं, तो खाली आला की ढील द्यायची. तू खेचतेस कशाला? दोरी आहे का ती विहिरीची?"

"मग तुम्हीच दाखवा ना!"

"मी कसा दाखवू? मी जामिनावर आहे." ठाकोरभाईंनी हितेनकडे पाहिलं. हितेन भोंग्याच्या वायरीत डोकं घालून बसला होता. त्यांनी बिनलकडे पाहिलं आणि बिनलने, देव तिला क्षमा करो, जलेबीच्या ताटाकडे पाहिलं.

पुढचा पतंग आभाळात स्थिर झाला तेव्हा झील फिरकी धरून उभी होती आणि दोरा आजोबांच्या बोटांत होता. सत्तरीचा माणूस एकदम तरणा दिसायला लागला. आयुष्यभर जरीची केसासारखी तार चालवलेली बोटं ती. दोरा त्यांच्यातून सरकत होता आणि ते डोळे मिटूनच जणू वर काय चाललंय ते ओळखत होते.

"पप्पा!" हितेन ओरडला. "काय ठरलं होतं?"

"एक पेच! एकच! जेक्याचा तो काळा कावळा उतरवतो आणि बसतो."

भोंगा कडाडला, "आले! आले मैदानात! आता मजा!"

पेच लागला. दोन्ही गच्च्या गप्प झाल्या. जेकिसनने ढील दिली, ठाकोरभाईंनीही दिली, दोरा सुर्रकन धावला, आणि मग एका झटक्यात काळा पतंग मान टाकून बाजूला झाला.

"ए काप्यो!" झील किंचाळली आणि त्याच वेळी तिने खाली पाहिलं. आजोबांच्या तर्जनीवरून रक्ताची धार मनगटाकडे चालली होती.

आनंद जागच्या जागी गोठला. हितेनने भोंगा बंद केला. बिनल तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली गेली. फ्रिजमधून बर्फ, कपाटातून कापूस, पट्टी, स्वच्छ पंचा. तिच्या डोळ्यांसमोर मागच्या महिन्यातली सकाळ होती. दाढी करताना पप्पांच्या हनुवटीवर तांदळाएवढा चरा पडला होता, तर दोन रुमाल भिजले, चहा गार झाला, वर्तमानपत्र आडवं-उभं वाचून झालं तरी ते रक्त आपलं येतच होतं. आणि आज तर मांज्याने कापलेलं. दमुबेन झारा हातात घेऊन तशाच तिच्या मागून वर धावल्या.

वर पोचल्या तर ठाकोरभाई हसत उभे होते. बोट वर धरून, विजयी पुढाऱ्यासारखं.

"थांबलं," ते म्हणाले. "उगाच घाबरवता सगळ्यांना. बघा."

खरंच थांबलं होतं. कापल्याची रेघ स्पष्ट दिसत होती, तिच्यावर गडद लाल गाठ धरली होती, कोरडी, व्यवस्थित. हितेनने सुस्कारा सोडला. झीलने आजोबांच्या कमरेला मिठी मारली. दमुबेनचे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी हात जोडून मोठ्याने देवाला हाक मारली.

"माझ्या अंबामातेने राखलं. सकाळपासून जिवाला घोर होता."

"मम्मी, आता तरी जलेबी खा," हितेन म्हणाला. बापावर ओरडलेला आवाज त्याने गिळून टाकला. "पप्पा, अजून एक पेच घ्या. मीच फिरकी धरतो, चला!"

एका क्षणात सगळे एका पक्षात आले. विरोधी पक्षच उरला नाही.

फक्त बिनल हातात न लागलेला बर्फ घेऊन उभी होती. पंच्यावर पाणी ठिबकत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता. तांदळाएवढ्या चऱ्याला दोन रुमाल, आणि मांज्याच्या घावाला जिना चढेपर्यंतचा वेळ? रक्त तेच, माणूस तोच. मग मधल्या दिवसांत काय बदललं?

उत्तर तिला मिळालं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. हा माणूस तिला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून बापासारखा वागवत आला होता. तिने शिकवणीचे वर्ग काढायचे म्हटले तेव्हा घरात एकटा हाच तिच्या बाजूने उभा राहिला होता. त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं?

"पप्पा," ती म्हणाली, "रक्त थांबलं कसं?"

हितेन हसला. "हा काय प्रश्न झाला? थांबलं ते कसं, आणि नसतं थांबलं तर का! हिला दोन्हीकडून तक्रार."

पण ठाकोरभाई हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काळा चष्मा, भर उन्हात.

तेवढ्यात दमुबेननी झारा झीलच्या हातात दिला आणि पदर खोचला. "द्या इकडे. दुसऱ्या कुणाला जमायची नाही तुमची फिरकी. पण ही प्लास्टिकची नको, आपली जुनी कुठाय? पत्र्याची?"

"ती नको!" ठाकोरभाई एकदम म्हणाले. "ती... गंजलीय."

"गंजली? परवा तर तेल लावत बसला होतात." पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली जुनी फिरकी दमुबेननी उचलली. लग्न करून आल्या त्या वर्षी घेतलेली, आतून पोकळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. त्यांनी सवयीने ती तळहातांवर फिरवली.

फिरकी खडखडली.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा खडखड. इतक्या वर्षांत ती फिरकी कधी बोलली नव्हती. दमुबेननी नवऱ्याकडे पाहिलं, मग झाऱ्याच्या टोकाने बाजूचं झाकण उचकटलं. गच्चीच्या फरशीवर गोळ्या टपटपत पडल्या. पांढऱ्या आणि गुलाबी. रक्त पातळ ठेवणाऱ्या, त्याच दोन.

वर आभाळात सोडून दिलेला पतंग आपला आपण गोते खात होता.

"टाकल्या थोड्याच आहेत?" ठाकोरभाई शेवटी म्हणाले. "उत्तरायण झालं की सगळ्या एकदम घेणार होतो. सातआठ दिवसांचा तर प्रश्न. बाकीच्या रोज घेतोय, प्रेशरची, ती पिवळी..."

"एकदम घेणार होतात?" दमुबेनचा आवाज इतका हळू होता की हितेन घाबरला.

"पप्पा, तुम्हाला हे सुचलं तरी कसं? कुणी सांगितलं?"

ठाकोरभाईंनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. आणि तेवढ्यात गल्लीपलीकडून भोंगा गरजला, सगळ्या महिधरपुऱ्याला ऐकू जाईल असा:

"काय झालं, मोटाभाई? थांबलं ना रक्त? मी म्हटलं नव्हतं!"

*

जेकिसनला ते वाक्य पुढे कित्येक महिने ऐकवलं गेलं. गल्लीतली पोरं त्याला वाटेत थांबवून म्हणायची, काका, मी म्हटलं नव्हतं! पण त्या वेळी भोंगा हातातून गळून पडला होता आणि तो दोन जिने उतरून, गल्ली ओलांडून, दुसरे दोन जिने चढून भावाच्या गच्चीवर आला होता, धापा टाकत.

"मला दात काढताना गोळी बंद करायला सांगितली होती," तो हितेनला सांगत होता. हितेन त्याच्याकडे बघतही नव्हता. "मलाही स्टेंट आहे की. मी बंद केली, दात काढला, परत सुरू केली. काही झालं नाही. म्हणून मी म्हटलं..."

"काका, तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही रे दीकरा."

"मग गप्प बसा. यंत्रं घेतलीत, आता बाप पण घ्या!"

ते वाक्य गच्चीवर पडलं आणि दोन वर्षांचा अबोला परत दारात येऊन उभा राहिला. जेकिसनचा चेहरा पांढरा झाला.

"हितेन," दमुबेन म्हणाल्या, "यंत्रांचा हिशोब तुझ्या काकांनी आणि बापाने मिटवलाय. तू नको उकरू. आणि जेकिभाई, रडायला मागाहून बसा. स्कूटर कुठाय?"

बिनल फोनवर होती. "छातीत दुखत नाही म्हणतात. घाम नाही. हो, दोन्ही गोळ्या. हो डॉक्टर, आत्ता लगेच." तिने फोन ठेवला. "ताबडतोब घेऊन या म्हणाल्या."

हितेनची गाडी निघण्यातली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उंधियूवाल्याच्या तंबूपुढे अर्धी सुरत रांगेत उभी होती. जेकिसनच्या स्कूटरला मात्र मांजा गळ्यात येऊ नये म्हणून पुढे लोखंडी कमान लावलेली होती. तो पुढे बसला, मध्ये ठाकोरभाई, मागे दमुबेन, हातात ती फिरकी तशीच. हितेन मोटरसायकलवरून मागोमाग.

पुलावर मांज्यामुळे दुचाकीला बंदी, म्हणून खालून वळसा. वरून तुटलेले दोरे येत होते आणि कमानीवर अडकून फडफडत होते. जेकिसनला पाठीवर भावाचा श्वास जाणवत होता. दर वळणावर तो विचारत होता, "दुखतंय का?"

"दुखत नाहीये. तू रस्त्याकडे बघ."

"मोटाभाई, मी कशासाठी सांगितलं ठाऊक आहे? तुम्ही खुर्चीत बसणार म्हटल्यावर माझा हातच चालेना. ती झील, पोरगी चांगली आहे, पण तिचे पतंग कापून काय करू मी?" त्याचा आवाज फुटला. "तुमच्याशिवाय मी पेच लावू कुणाशी?"

"तो काळा पतंग कुणी कापला रे?" ठाकोरभाईंनी मागून विचारलं.

"तुम्ही."

"मग रडतोस कशाला? हरला म्हणून?"

दमुबेननी दोघांनाही मागून फिरकीने ढोसलं.

डॉक्टर मुन्शी उत्तरायणाच्या दिवशी दवाखान्यातच असत. त्या दिवशी गळे, बोटं, छपरावरून पडलेली पोरं यांचीच गर्दी. त्यांनी बोट पाहून त्याला पट्टी बांधली, छातीला यंत्र लावून ठोके तपासले, रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत पुढचे रुग्ण पाहिले. तेवढा वेळ दमुबेन अंबामातेशी देण्याघेण्याचं बोलत होत्या आणि भिंतीशी उभा हितेन काकांच्या शेजारी सरकत सरकत आला होता. त्याने काकांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"नशीब," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "काही झालेलं नाही."

जेकिसन मटकन बाकावर बसला.

"आता ऐका काका, आणि काकी, तुम्ही पण. स्टेंट म्हणजे तारेची जाळी. तुमच्या जरीच्या तारेसारखीच बारीक. रक्ताला ती परकी वाटते. परकं काही दिसलं की रक्त तिथे गाठ धरायला धावतं. बोटावर गाठ धरली तर खपली. त्या जाळीवर धरली तर नळी बंद आणि नवरात्रात झालं त्याहून वाईट."

"पण यांचं काही झालं नाही!" ठाकोरभाईंनी भावाकडे बोट केलं.

"यांची जाळी जुनी. तिच्यावर आतून कातडी चढलीय. एकच गोळी थांबवली होती, आणि ती मला विचारून. तुमची तार अजून उघडी आहे."

उघडी तार म्हटल्यावर ठाकोरभाई सरळ बसले. रेशमावर नीट न बसलेली तार काय काय अडकवून घेते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी छातीवर हात ठेवला, हळूच, आत कुणी झोपलेलं असावं तसा.

"गाठ झालीच तर विरघळत नाही का?" दमुबेननी विचारलं. "आपली आपण?"

"विरघळते ना. शरीरच सोडवतं. पण सावकाश, आणि काहींचं फारच सावकाश. यांची तपासणी केली होती आपण. यांचं रक्त गाठ बांधायला चपळ आणि सोडवायला आळशी."

"ते लहानपणापासून तसंच आहे, डॉक्टर," जेकिसन बाकावरून म्हणाला. "भांडण एका मिनिटात. समेटाला दोन वर्षं."

आधी हितेन हसला. मग डॉक्टर. मग ठाकोरभाईंनी भावाला अशी एक शिवी दिली की दारातली नर्स लाजून निघून गेली, आणि दमुबेनना पक्कं कळलं की माणूस ठीक आहे.

"आणि साठवलेल्या सगळ्या एकदम घेणार होते म्हणे," त्यांनी फिरकी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तसं केलं असतंत तर पोटातून रक्त गेलं असतं, मग मला उत्तरायणाऐवजी होळीपर्यंत तुमच्यासोबत राहावं लागलं असतं. किती घ्यायच्या ते मी ठरवणार. उघडा तोंड. माझ्यासमोर गिळा."

त्यांनी गिळल्या. झाडून सगळ्यांच्या देखत, जीभ बाहेर काढून दाखवत.

*

संध्याकाळपर्यंत त्यांना तिथेच ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. दुसरा दिवस वासी, म्हणजे शिळ्या उत्तरायणाचा; पतंग चालूच. ठाकोरभाईंना सकाळी जाग आली ती उशाशी बसलेल्या दमुबेनच्या हातातल्या गोळ्या बघूनच. त्या गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवावं लागलं. झीलने बॅटरी मारून आत पाहिलं.

त्यांना सगळ्यात टोचत होती ती बिनल. तिने काल त्यांच्यासाठी फोन केला, धावाधाव केली, रात्री मऊ खिचडी करून ठेवली, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. चहाचा कप ठेवून ती वळली तेव्हा ते म्हणाले, "वकीलबाई, अशिलाने फसवलं तुम्हाला."

ती थांबली. "तुम्हाला काही झालं असतं ना पप्पा, तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. कारण गच्चीवर जायची परवानगी मी काढली होती." आणि ती रडली, उभ्या उभ्या, हातात ट्रे घेऊन. ठाकोरभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचेही डोळे वाहायला लागले. चहा पुन्हा गार झाला.

दुपारी सगळे वर गेले. दमुबेन शेवटी आल्या. साडीचा पदर घट्ट खोचलेला, मांज्याने कापू नये म्हणून दोन बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या.

"इतकी वर्षं मी तुमची फिरकी धरली," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही धरा."

"तू उडवणार?"

"का? मला बघून बघून आलं नसेल?"

पलीकडे जेकिसनचा भोंगा चालू झाला. "भाभी! हा तर अन्याय आहे! भाभीवर मी हात कसा उचलू?"

"पतंग उचला, हात नको!" दमुबेन ओरडल्या आणि जरीवाल्यांच्या दोन्ही गच्च्या हसून लोळल्या.

ठाकोरभाई खुर्चीत बसले. दोन्ही मुठींत जुनी पत्र्याची फिरकी. ती आज खडखडत नव्हती. दमुबेनचा पतंग वर चढला, लाल, शेपटीवाला, थोडासा डगमगत आणि मग सरळ. त्यांना वाटलं, ही बाई इतकी वर्षं मागे उभी राहून काय काय शिकत होती, आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"ढील," दमुबेन म्हणाल्या. त्यांनी ढील दिली. फिरकी गरगर फिरली आणि तिची दांडी कालच्या घावावर घासली. पट्टीतून लाल ठिपका उमटला, मोठा झाला, आणि बोटावरून ओघळ सुटला.

क्षणभर त्यांचा हात सवयीने मागे जायला निघाला, लपवायला. मग त्यांनी तो पुढे केला.

"बिनल. बघ."

बिनल गुडघ्यांवर बसली. पट्टी काढली, स्वच्छ पंचा दाबला. थोड्या वेळाने उचलून पाहिलं. रक्त येतच होतं. पुन्हा दाबला. हितेन येऊन शेजारी वाकला. झीलने भोंगा बंद केला. पुन्हा उचलला. लाल, पातळ, निवांत रक्त, कुठे जायची घाई नसल्यासारखं येतच होतं.

"थांबलं का?" जेकिसन पलीकडून भोंग्याशिवायच ओरडला.

बिनलने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते ठाकोरभाई मरेपर्यंत विसरणार नव्हते.

"नाही, काका!" ती ओरडली. "थांबत नाहीये!"

"ए काप्यो!" जेकिसन नाचायला लागला. झीलने थाळी बडवली, हितेनने बापाच्या गळ्यात हात टाकले, आणि आसपासच्या गच्च्यांवरचे लोक कुणाचा पतंग कापला म्हणून माना वर करून शोधायला लागले. म्हाताऱ्याचं बोट वाहतंय आणि घर थाळ्या वाजवतंय, असलं दृश्य महिधरपुऱ्याने आधी पाहिलं नव्हतं. पंचा लाल होत होता, बिनल तो घट्ट दाबून धरून हसत होती, आणि ठाकोरभाई दुसऱ्या हाताने फिरकी सांभाळत होते.

दमुबेननी मात्र मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा लाल पतंग जेकिसनच्या पतंगावर उतरायला लागला होता आणि जेकिसनचं लक्ष नाचण्यात होतं.

"थांबलं का हो?" त्यांनी आभाळाकडे बघतच विचारलं.

"नाही थांबलं."

"मग ठीक आहे," दमुबेन म्हणाल्या. "ढील द्या."